समुद्रापलीकडील मतदार आणि गावची मतदारयादी

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड, खेड किंवा रायगड जिल्ह्यातील म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत मतदारयादीच्या पुनरीक्षणासाठी घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाला एक उत्तर हमखास ऐकावयास मिळते: "मुलगा आखातात असतो." घरात वृद्ध आईवडील आहेत, सून आहे, नातवंडे आहेत. भिंतीवर मुलाचे छायाचित्र आहे. घरपट्टीची पावती त्याच्याच नावाने फाडली जाते आणि मतदारयादीतही त्याचे नाव आहे. तो मात्र सात-आठ वर्षांपासून कतार अथवा कुवेत येथे नोकरी करीत असून वर्षाआड महिनाभरासाठी येऊन जातो. हे नाव यादीत ठेवावे की वगळावे? ठेवले तर यादी अशुद्ध राहते. वगळले तर भारताच्या एका नागरिकाचा मताधिकार आपल्या लेखणीने गेला, अशी रुखरुख लागते. अशा वेळी दोन सोपे मार्ग समोर असतात. कानाडोळा करून नाव तसेच राहू देणे, किंवा 'स्थलांतरित' असा शेरा मारून मोकळे होणे.

कायद्याने २०११ पासून तिसरा मार्ग उपलब्ध करून दिलेला आहे. परदेशात वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाचे नाव सर्वसाधारण मतदारांतून काढून त्याच मतदान केंद्राच्या यादीच्या अखेरीस 'परदेशस्थ मतदार' म्हणून स्वतंत्र नोंदविता येते. हा मार्ग आपोआप उघडत नाही. त्यासाठी त्या नागरिकाने स्वतः अर्ज करावा लागतो. परंतु त्या अर्जाचा निकाल ज्या चौकशीवर अवलंबून असतो, ती चौकशी दोह्यात किंवा न्यूयॉर्कमध्ये होत नाही. ती त्याच्या घराच्या ओटीवर होते. सबब हा विषय परराष्ट्र व्यवहाराचा आहे असे समजून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो बाजूला ठेवणे योग्य होणार नाही.

'सामान्यतः निवासी' कोण?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले. मतदाराचे किमान वय प्रारंभी २१ वर्षे होते. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले आणि ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. परंतु वय आणि नागरिकत्व एवढ्याने यादीत नाव येत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ प्रमाणे ती व्यक्ती त्या मतदारसंघात 'सामान्यतः निवासी' असली पाहिजे. सारा पेच याच दोन शब्दांत आहे.

या शब्दांचा अर्थ कलम २० मध्ये दोन बाजूंनी स्पष्ट केलेला आहे. पहिली बाजू अशी की, एखाद्या ठिकाणी मालकीचे घर आहे किंवा घराचा ताबा आहे, एवढ्याच कारणावरून कोणी तेथील निवासी ठरत नाही. मुंबईत कायमचा स्थायिक झालेला गृहस्थ गणपतीला आणि शिमग्याला गावी येत असला, सातबारावर त्याचे नाव असले, तरी तो त्या गावचा मतदार ठरत नाही. दुसरी बाजू याच्या उलट आहे. जो नेहमीच्या निवासस्थानापासून तात्पुरता दूर गेला आहे, त्याचे निवासित्व त्या कारणाने संपत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार हंगामाचे पाच-सहा महिने गावाबाहेर असतो. कोकणातील खलाशी सहा-आठ महिने बोटीवर असतो. घर, कुटुंब आणि परतण्याचे ठिकाण गावातच असल्यामुळे त्यांची नावे यादीत राहणे हेच कायद्याला धरून होय. अशा व्यक्तीस 'गावात आढळला नाही' म्हणून वगळणे ही चूक आहे.

आखातातील नोकरदार, अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणारा अभियंता किंवा जर्मनीत चार वर्षांच्या शिक्षणासाठी गेलेली विद्यार्थिनी यांचे वास्तव्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडते. २०१० पूर्वी अशांच्या बाबतीत कायद्याकडे एकच उत्तर होते: निवास तुटला असेल तर नाव नाही. मुलगा गावी पैसे पाठवितो, बहिणीचे लग्न करतो, घर बांधतो, परंतु ज्या विधानसभेचे निर्णय त्याच्या घरादारावर परिणाम करतात तिच्या निवडणुकीत त्याला मत नाही, अशी ही स्थिती होती. याला अपवाद होता तो फक्त सेनादलांतील व्यक्तींचा, आपल्या राज्याबाहेर कामगिरीवर असलेल्या राज्य सशस्त्र पोलिसांचा आणि भारत सरकारच्या परदेशातील पदांवर काम करणाऱ्यांचा. त्यांना 'सेवा मतदार' म्हणून मूळ गावीच निवासी समजले जाते. या तरतुदीत एक जुनी उणीवही होती. सेवा मतदाराच्या पत्नीची नोंद होत असे, पतीची होत नसे; म्हणजे लष्करातील महिला अधिकाऱ्याच्या सोबत राहणाऱ्या पतीला ही सवलत नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी' या शब्दाऐवजी 'जोडीदार' या अर्थाचा शब्द घालून हा भेद दूर केला.

कलम २०-अ

परदेशस्थ नागरिकांना मताधिकार देण्याचे विधेयक प्रथम २००६ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ते पुढे मागे घेण्यात आले आणि २०१० मध्ये नवे विधेयक संसदेने संमत केले. त्याने १९५० च्या अधिनियमात कलम २०-अ अंतर्भूत झाले व १० फेब्रुवारी २०११ पासून ते अमलात आले. मतदार नोंदणी नियमांतही त्याच वेळी बदल करून 'नमुना ६-अ' हा स्वतंत्र अर्ज तयार करण्यात आला.

या कलमाच्या अटी थोड्या आहेत, पण प्रत्येक अट नीट वाचली पाहिजे. अर्जदार भारताचा नागरिक असावा आणि त्याने दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे. त्याचे नाव अन्य कोठेही मतदारयादीत नसावे. नोकरी, शिक्षण किंवा इतर कारणामुळे तो भारतातील नेहमीच्या निवासस्थानापासून दूर परदेशात असावा. हे जाणे तात्पुरते आहे की कायमचे, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. आणि शेवटची, व्यवहारात सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, पारपत्रात भारतातील निवासाचे जे ठिकाण नमूद आहे, ते ज्या मतदारसंघात मोडते तेथेच त्याचे नाव नोंदविले जाईल.

या शेवटच्या वाक्याचे परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाहीत. गुहागर तालुक्यातील एखादा तरुण परदेशी जाण्यापूर्वी नालासोपाऱ्यात काकांकडे राहत होता आणि पारपत्र त्याने त्या पत्त्यावर काढले, तर परदेशस्थ मतदार म्हणून त्याचे नाव नालासोपाऱ्यातच लागेल. गावात आईवडील आहेत, शेती आहे, या गोष्टी येथे उपयोगी पडत नाहीत. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर असेही घडते की, पारपत्र लग्नापूर्वीचे असल्याने त्यावर माहेरचा पत्ता असतो. मग एकाच छपराखाली मस्कतमध्ये राहणाऱ्या पतीपत्नींची नावे दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतील याद्यांत जातात. हे गैर नाही, कायद्याचेच फलित आहे. ज्यांना आपले नाव अमुक गावी असावे असे वाटते, त्यांनी पारपत्राचे नूतनीकरण करतेवेळी पत्त्याचा विचार केला पाहिजे.

नागरिकत्वाचा प्रश्न

'परदेशातील भारतीय' हा शब्द बोलण्यात फार सैल वापरला जातो. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांची संख्या सुमारे दीड कोटी आहे. त्याहून अधिक लोक भारतीय वंशाचे, परंतु अन्य देशांचे नागरिक आहेत. मताधिकार पहिल्या गटालाच आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मराठीभाषक किंवा कोकणातून इस्राएलला गेलेली बेने इस्राएल कुटुंबे यांचे या भूमीशी नाते कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी ते त्या त्या देशांचे नागरिक असल्याने येथील यादीत त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

घोटाळा होतो तो 'परदेशस्थ भारतीय नागरिक' या नावाने दिल्या जाणाऱ्या कार्डामुळे. इंग्रजीत ज्याला 'ओसीआय' कार्ड म्हणतात, त्याच्या नावातच 'नागरिक' शब्द असल्यामुळे कार्डधारकांची व कधी कधी कर्मचाऱ्यांचीही समजूत होते की, हे दुहेरी नागरिकत्व आहे. तसे ते नाही. कार्डधारक हा परकीय नागरिकच असतो. त्याला दीर्घ मुदतीच्या व्हिसासह काही सवलती मिळतात, परंतु मतदार म्हणून नोंद होण्याचा हक्क त्याला नाही, असे नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ७-ब मध्ये स्पष्ट म्हटले आहे. ओसीआय कार्ड पुढे करून नमुना ६-अ भरता येत नाही.

गोव्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून त्या देशाचे नागरिकत्व मिळविण्याची वाट पोर्तुगीज कायद्याने खुली ठेवली आहे. युरोपात नोकरी मिळणे सुकर व्हावे म्हणून अनेक कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, आणि त्याबरोबर मताधिकारही जातो. तथापि, एखाद्याने परकीय नागरिकत्व खरोखर संपादन केले आहे किंवा कसे, असा वाद निर्माण झाल्यास तो ठरविण्याचा अधिकार त्याच कायद्याने विहित केलेल्या प्राधिकाऱ्याला, म्हणजे केंद्र शासनाला आहे. गावातील ऐकीव माहितीवर किंवा वाड्यावरील भांडणातून आलेल्या तक्रारीवर तो ठरत नाही.

उलट प्रकारची एक शंकाही विचारली जाते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तेथील निवडणुकांत मतदान करता येते. म्हणजे पुण्याहून लंडनला गेलेली भारतीय विद्यार्थिनी तेथे मत देऊ शकते. त्यामुळे तिचा येथील हक्क जातो काय? जात नाही. कलम २०-अ मध्ये अट आहे ती परकीय नागरिकत्व न घेण्याची, परकीय मतदानाची नव्हे.

अर्ज आणि ओटीवरील चौकशी

नमुना ६-अ भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून भरता येतो, मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने पाठविता येतो किंवा रजेवर आल्यावर समक्षही देता येतो. परदेशातील भारतीय वकिलातींतही हा नमुना मोफत मिळतो. अर्जात अलीकडील छायाचित्र, पारपत्राचा तपशील, परदेशातील संपूर्ण पत्ता, व्हिसाचा प्रकार, भारतातील निवास सोडल्याचा दिनांक आणि त्याचे कारण ही माहिती द्यावयाची असते. सोबत पारपत्राची छायाचित्र, पत्ता व इतर तपशील असलेली पाने आणि वैध व्हिसाची नोंद असलेले पान यांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडाव्या लागतात. अर्ज समक्ष दिल्यास मूळ पारपत्र दाखवून ते तेथल्या तेथे परत घ्यावयाचे असते. ते कार्यालयात ठेवून घेण्याचे काहीच कारण नाही.

अर्जदाराकडे पूर्वीचे मतदार ओळखपत्र असल्यास ते परत करावे लागते. पुष्कळांना हे रुचत नाही, कारण ते ओळखपत्र बँकेत, टपाल कार्यालयात ओळख पटविण्यासाठी उपयोगी पडते. परंतु एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी किंवा एकाच ठिकाणी दोनदा असू नये, हा कलम १७ व १८ चा दंडक आहे आणि परदेशस्थ मतदाराला नवे ओळखपत्र दिलेच जात नाही. त्याचे मूळ पारपत्र हेच त्याचे ओळखपत्र होय. जुने नाव तसेच ठेवून नवा अर्ज करणे आणि नाव कोठेही नाही असे लिहून देणे हा अपराध आहे. खोट्या प्रतिज्ञापनास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अर्ज आला की मतदार नोंदणी अधिकारी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यास पारपत्रावरील पत्त्यावर पाठवितो. बहुधा हे काम प्राथमिक शिक्षक, तलाठी किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडे असते. त्यांनी पाहावयाचे एवढेच की, हा पत्ता खरा आहे काय, अर्जदाराचे नातलग तेथे राहतात काय, आणि तो परदेशात असल्याचे ते सांगतात व तसे लिहून देतात काय. घर बंद असेल, भाडेकरू राहत असतील किंवा नातलग लिहून देण्यास तयार नसतील, तर अर्ज तेथेच फेटाळावयाचा नाही. अशा वेळी कागदपत्रे संबंधित देशातील भारतीय वकिलातीकडे पडताळणीसाठी पाठविण्याची व्यवस्था आहे. 'घर बंद, सबब अर्ज नामंजूर' हा शेरा लिहिणाऱ्याला सोपा असतो. परंतु त्या शेऱ्याविरुद्ध अपील करावयाचे तर दूर देशातील माणसाला पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दाद मागावी लागते, आणि तेथे निकाल विरुद्ध गेल्यास तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. हे त्याला कितपत जमेल याचा विचार शेरा मारण्यापूर्वी व्हावा.

आलेल्या अर्जांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावली जाते व हरकतींसाठी सात दिवसांची मुदत असते. ग्रामपंचायत सदस्यांचा संबंध येथे येतो. नावे माहीत असतात, माणसे माहीत असतात. चुकीच्या नोंदीवर योग्य हरकत घेणे आणि खऱ्या अर्जावर केवळ गटातटाच्या भावनेतून हरकत न घेणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची यादीही विधानसभेच्या मतदारयादीवरूनच तयार होत असल्यामुळे मूळ यादीतील दोष गावच्या निवडणुकीतही उतरतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. आखातातील मुलाचे नाव आधीच सर्वसाधारण यादीत आहे, तेव्हा काय करावे? घरच्या मंडळींना नमुना ६-अ ची माहिती द्यावी आणि मुलाकडून अर्ज मागविण्यास सांगावे, हे पहिले. नाव वगळण्याचा प्रस्ताव करावयाचा झाल्यास, सामान्य निवास संपला या कारणावरून नाव कमी करण्यापूर्वी संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे कलम २२ सांगते. नोटीस घरच्या पत्त्यावर जाते, घरचे ती फडताळात ठेवतात आणि दोन वर्षांनी मुलगा येतो तेव्हा नाव नसते. घरच्यांनी नोटिशीचे छायाचित्र काढून त्याच दिवशी त्याला मोबाईलवर पाठविले, तर ही गोष्ट सहज टळते. नोटीस बजावणाऱ्याने दारात उभे असतानाच तेवढे सुचवावे.

मुदतीचाही एक मुद्दा आहे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक असल्यामुळे नोंदणीसाठी वर्षभर थांबावे लागत नाही. परंतु निवडणुकीची अधिसूचना निघून उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटली की, निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नावे घालता किंवा काढता येत नाहीत. हरकतींचे सात दिवस आणि चौकशीचा काळ धरता, निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करणाऱ्या परदेशस्थ अर्जदाराच्या हाती बहुधा निराशाच येते.

नाव यादीत, मतदार विमानात

एवढे सोपस्कार पार पाडून नाव लागले, तरी मत देण्यासाठी मतदाराला प्रत्यक्ष आपल्या मतदान केंद्रावर यावे लागते. टपालाने, प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलातीत मतदान करण्याची सोय परदेशस्थ मतदाराला नाही. केंद्राध्यक्षाने यादीच्या अखेरच्या विभागात त्याचे नाव पाहावे आणि मूळ पारपत्रावरून ओळख पटवावी. येथे आधारपत्र अथवा वाहनपरवाना चालत नाही. विमानाचे भाडे खर्चून आलेला मतदार पारपत्र मुंबईच्या नातलगाकडे ठेवून केंद्रावर पोहोचला, तर त्याला परत जावे लागेल.

या अटीचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशात ९९,८४४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत दिले २५,६०६ जणांनी, आणि त्यांपैकी २५,५३४ एकट्या केरळचे होते. म्हणजे उर्वरित सर्व भारतात मिळून अवघे ७२. २०२४ मध्ये नोंदणी १,१९,३७४ वर गेली, पण मतदान २,९५८ वर आले. त्यांत केरळचा वाटा २,६७० चा. महाराष्ट्रात नोंद सुमारे पाच हजारांची होती आणि मतदान करणारे वीसदेखील नव्हते.

दीड कोटी नागरिकांमध्ये सव्वा लाखाच्या आतबाहेर नोंदणी, आणि तीही तीन-चतुर्थांश एकाच राज्याची! केरळमध्ये २०२४ साली ८९,८३९ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. तेथील स्थलांतरितांच्या संघटना आखाती शहरांतून नोंदणीची मोहीम चालवितात आणि मतदानासाठी एकत्र विमानप्रवासाची व्यवस्थाही करतात. कोकणातूनही आखातात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, मुंबई मंडळांची परंपरा तर त्याहून जुनी. मुंबईत गावकऱ्यांची मंडळे काढून गावच्या शाळा, रस्ते, देवळे उभी करणाऱ्या कोकणी माणसाने दुबईत बसून मतदारयादीकडे मात्र फारसे लक्ष दिलेले नाही, असे म्हणणे भाग आहे. अर्थात भाड्याचा हिशेब केला तर त्याला दोषही देता येत नाही.

एकाच शहरातील दोन मतदार

अबू धाबी येथील भारतीय दूतावासातील कर्मचारी आणि त्याच शहरातील एखाद्या इमारतीवर काम करणारा गवंडी, हे दोघेही भारतीय नागरिक आहेत. पहिला सेवा मतदार असल्यामुळे त्याला घरबसल्या मत देता येते. २०१६ पासून सेवा मतदारांना कोरी टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविली जाते. ती छापून, मत नोंदवून, साक्षांकित प्रतिज्ञापनासह टपालाने परत धाडावयाची असते आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती पोहोचली की ग्राह्य धरली जाते. सेनादलांतील सेवा मतदारांना तर २००३ पासून गावातील प्रतिनिधीमार्फत मत देण्याचाही पर्याय आहे. अशा प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे त्याचे स्वतःचे मत अबाधित राहते. गवंड्याला यांपैकी काहीच नाही.

या विषमतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. त्या संदर्भात आयोगाने नेमलेल्या समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. दूतावासांत मतदान केंद्रे उघडणे तिला व्यवहार्य वाटले नाही. इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका आणि प्रतिनिधी मतदान या दोन पर्यायांचा विचार व्हावा, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर प्रतिनिधी मतदानाची तरतूद करणारे विधेयक २०१७ मध्ये लोकसभेत आले व ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे संमत झाले. राज्यसभेची मंजुरी मिळण्यापूर्वीच २०१९ मध्ये सोळाव्या लोकसभेची मुदत संपल्याने ते व्यपगत झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने विधी मंत्रालयास कळविले की, इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची सोय परदेशस्थ मतदारांना देण्यास तो तयार आहे. यासाठी अधिनियमात नव्हे, तर १९६१ च्या निवडणूक नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे. ती दुरुस्ती झालेली नाही.

विलंबामागे केवळ दिरंगाई आहे असे समजणे न्याय्य होणार नाही. प्रतिनिधी मतदानात मताची गुप्तता उरत नाही आणि मतदाराने सांगितलेल्या उमेदवारालाच प्रतिनिधी मत देईल याची खात्री कोणी द्यावी? टपाली मतपत्रिकेवरील प्रतिज्ञापन साक्षांकित करण्यासाठी मनुष्यबळ लागते आणि आखाती देशांत लाखो कामगारांची वकिलातींपुढे रीघ लागली, तर यजमान राष्ट्रालाही त्याचा विचार करावा लागतो. कामगारांच्या वसाहतीत दहाजण एका खोलीत राहत असताना मतपत्रिका कोणाच्या देखत भरली जाईल, हाही प्रश्न आहेच. तरीही दूतावासातील कर्मचाऱ्याच्या मतपत्रिकेवर जो विश्वास ठेवला जातो, तो गवंड्याच्या मतपत्रिकेवर कोणत्या उपायांनी ठेवता येईल, याचे उत्तर शोधावेच लागेल. ते मिळेपर्यंत यादीतील नाव आणि प्रत्यक्ष मत यांमध्ये विमानाचे तिकीट उभे आहे.

परतल्यावर

परदेशस्थ मतदाराने आपला परदेशातील पत्ता बदलल्यास तो मतदार नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचा असतो, कारण निर्णयाचे व नोटिशीचे पत्र तेथेच जाते. नोकरी संपवून तो कायमचा परत आला की परदेशस्थ मतदार म्हणून असलेली नोंद टिकत नाही. त्याने परतल्याचे कळवून, ज्या ठिकाणी आता राहतो तेथे सर्वसाधारण मतदार म्हणून नव्याने अर्ज करावा लागतो. मग ते ठिकाण पारपत्रावरील गाव असो वा चिपळूण-पनवेलमधील नवे घर. गावोगावी असे परतलेले लोक आढळतात. पंधरा-वीस वर्षे वाळवंटात काढून आलेला माणूस रिक्षा घेतो, दुकान टाकतो, ग्रामसभेत बोलू लागतो, आणि निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर त्याचे नाव यादीत सापडत नाही. पुढील पुनरीक्षणाच्या फेरीत "मुलगा आखातात असतो" असे ऐकल्यावर नमुना ६-अ सांगावयाचा, तसेच "मुलगा आखातातून परत आला" असे ऐकल्यावर नमुना ६ ची प्रत त्याच वेळी त्याच्या हाती द्यावयाची असते.